अंतूकाकांचा गोफ

"कोयतो खाली ठेव, मनू. नायतर आधी माझो हात तोड."

देवळाच्या मंडपात मनूभाऊ धुरी कोयता घेऊन स्टुलावर चढला होता आणि खाली चंद्राकाकी, जेमतेम साडेचार फुटांची बाई, दोन्ही हातांनी गोफाला धरून उभी होती. स्टूल डुगडुगत होतं. ते धरायला कुणी पुढे होत नव्हतं, कारण धरलं तर मनूभाऊची बाजू घेतल्यासारखं झालं असतं.

मी देवीला नारळ ठेवायला आले होते. ठेवून सरळ घरी गेले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माझं तोंड नेहमी माझ्या आधी कामाला लागतं.

आमच्या कुंभेवाडीत शिमग्याला गोफ विणतात. मंडपाच्या तुळईला आठ रंगांचे आठ पट्टे बांधायचे, आठ गड्यांनी एकेक पट्टा धरायचा आणि ढोलावर फेर धरून नाचायचं. कुणी एका अंगाने जायचं, कुणी दुसऱ्या. समोरच्याला एकदा आतून ओलांडायचं, एकदा बाहेरून. पाय खाली नाचतात आणि वर तुळईपासून वेणी पडत येते. मग तेच सगळं उलट नाचायचं, की वेणी सुटते आणि पट्टे मोकळे होतात. विणलेला गोफ त्याच दिवशी उलगडायचा, ही रीत. पहिला लाल पट्टा राऊळांच्या घरातल्या पुरुषाचा, हा मान. तो पुरुष म्हणजे चंद्राकाकीचे यजमान, अंतूकाका. तेच पुढे नाचायचे, तेच हाक द्यायचे. बाकीचे सात गडी त्यांच्या हाकेवर पाय टाकायचे; कुणालाही पूर्ण गोफ माहीत नव्हता, प्रत्येकाला फक्त आपापलं वळण.

तीन शिमग्यांपूर्वी गोफ विणून झाला, अंतूकाका म्हणाले, "वायच बसतंय," आणि खांबाला टेकून बसले ते उठलेच नाहीत.

गोफ तसाच राहिला. नंतर गड्यांनी दोनदा उलट नाचून पाहिलं, तर सुटण्याऐवजी खाली गाठच बसली. मग तो तिथेच लोंबकळत राहिला. काजूचा मोहोर गळाला, गोफामुळे. देवळाच्या रंगाचं काम अडलं, गोफामुळे. कुणाचं लग्न मोडलं, तेही त्याच्याच खात्यावर.

"काकी, सोड," मनूभाऊ म्हणाला. तो यंदाच, तरुण वयात, देवस्थान कमिटीचा अध्यक्ष झाला होता. "ठराव झालो आसा. ह्यो आता होळीत जातलो."

"आणि लोकांका काय सांगतलास? अंतू राऊळ चुकलो म्हणान कापलो. व्हय ना?"

"चुकलोच तो! सगळ्यांनी बघल्यानी. मधीच उलटो वळलो. आजारी होतो, डोक्यात काय इला कोणाक ठावक. त्याका दोष देत नाय मी. पण चूक ती चूक."

काकीने फक्त मूठ घट्ट केली. आणि मी बोलले.

"वेणीच ना ती? घातलेली वेणी सोडवूक येता."

मनूभाऊने वरून माझ्याकडे पाहिलं. "इली! पार्लरवाली इली. आता देवीचा फेशियल पण करून टाक गो वैजू."

सगळे हसले. हसले नसते तर कदाचित मी गप्प बसले असते.

"होळीपर्यंत थांबा," मी म्हणाले. "आम्ही सोडवतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"बायका."

"हातान?"

"पायान."

हे शेवटचं मी विचार करून बोलले असेन असं कुणी समजू नये. मनूभाऊ हसत हसत स्टुलावरून उतरला, कारण त्या स्टुलावर उभं राहून हसणं धोक्याचं होतं. "बरां. सगळ्यांसमोर बोललंय. होळीपर्यंत सुटलो तर राऊळांचो मान राऊळांका. नाय सुटलो तर कापतलंय, आणि लाल पट्टो धुऱ्यांच्या घराक येतलो. कायमचो."

मग तो काकीकडे वळला. "चालात ना?"

"चालात," काकी म्हणाली. आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं.

*

मी पार्लरचा कोर्स केलेला नाही. मुंबईहून लग्नाला आलेली माझी एक मावसबहीण पाच पेडांची वेणी घालून आली होती. रात्री झोपताना ती म्हणाली, केस सोडून दे गं. मी सोडायला बसले, आणि एकेक पेड मागे घेताना मला दिसत गेलं, की तो पुढे कसा गेला असेल. सकाळी मी तीच वेणी तिला परत घालून दिली. तेव्हापासून माझं शिक्षण हे असं, उलट्या दिशेनं. दुसऱ्यांच्या वेण्या सोडत सोडत मी वेण्या घालायला शिकले. मासिकातला फोटो बघितला तरी आता मला हात दिसतात, केस नाही.

पण एक गोष्ट त्यातच कळली होती. वेणीचा वरचा भाग फसवतो. पहिल्या बोटभर जागेत दोन वेगळ्या वेण्या अगदी सारख्या दिसू शकतात. पुढे गेल्यावर कळतं की एकीचा नियम वेगळा होता. म्हणून थोडं बघून "समजलं" म्हणणाऱ्या पोरींना मी नवरीच्या डोक्याला हात लावू देत नाही.

आणि मी नेमकं तेच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि प्रतिमा मंडपात गेलो. प्रतिमा तुळसकर आमची अंगणवाडीची ताई, बचत गटाची अध्यक्ष, आणि गावातलं एकमेव माणूस जे माझ्यापेक्षा जास्त बोलतं. चंद्राकाकी खांबाशी बसली होती. खालचा हातभर भाग गड्यांनी केलेला गुंता होता. तो मी शेपटीच्या कंगव्यानं टोचून टोचून मोकळा केला.

"एवढा येता तर सगळोच कंगव्यान सोडव ना," प्रतिमा म्हणाली. "होळीपर्यंत नाचाचा कशाक? माझे गुडघे बघ आधी."

"तो गुंतो गड्यांचो," काकी म्हणाली. "गोफ नाय. गोफ पायांनी विणलेलो, पायांनीच सुटूक होयो. हातान सोडवलो तर तो फेडलो नाय, चोरलो."

मी स्टुलावर चढून तुळईपासून बघत खाली आले. लाल पिवळ्याच्या वरून, निळ्याच्या खालून, मग परत वरून. एकाआड एक. चार पट्टे एका अंगाने गेलेले, चार दुसऱ्या. वरचा हातभर भाग बघितला आणि मी म्हणाले, "समजलं."

अंगणवाडीच्या मागे फणसाची एक आडवी फांदी आहे. तिला आम्ही आठ जुन्या साड्यांचे पट्टे बांधले. गटातल्या आठ बायका जमल्या. पहिल्या दिवशी नुसता हलकल्लोळ. प्रतिमा डावं-उजवं विसरायची म्हणून तिच्या डाव्या हाताला मी मेंदी लावली. कुणी आतून जायचं तर बाहेरून जायची आणि वर म्हणायची, "मी बरोबरच आसंय, तुम्ही सगळ्याजणी चुकल्यात." पण हळूहळू पाय बसले. फणसावर गोफ पडायला लागला, आणि उलट नाचलं की सुटायलाही लागला.

मग मी पट्टे विणलेले तसेच ठेवून काकीला दाखवायला आणलं. काकीने फणसावरच्या गोफावरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "असो नाय."

"कसो नाय?"

"वरसून असोच. खालसून असो नाय. हाताक लागता."

मी चिडले. तशीच तरातरा मंडपात गेले आणि यावेळी खालून बघायला सुरुवात केली. काकीच्या हाताचं बरोबर होतं. गोफाचा खालचा अर्धा भाग वेगळाच होता. तिथे एकाआड एक नव्हतंच. दोन वरून, दोन खालून. दोन वरून, दोन खालून. चटईसारखं. गड्यांनी जुनाच नियम उलटा नाचला होता आणि म्हणून तो अडकला होता. मीही तोच नाचणार होते, होळीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर.

"म्हणजे चुकलेच काका?" प्रतिमा हळूच म्हणाली.

मी परत बघत होते. दोन वरून, दोन खालून. एकदा नाही, शेवटपर्यंत. एकही टाका इकडचा तिकडे नव्हता.

"प्रतिमा, वेणी चुकली की कशी दिसते?"

"माका काय इचारतस? माझी रोजच चुकता."

"मग सांग ना, कशी दिसते?"

"अशीच. खयतरी फुगता, खयतरी सुटता. ठिकाण नसता तिका."

"बरोबर. चुकीला ठिकाण नसतं. ह्याला आहे. ही चूक नाही, हा दुसरा नियम आहे."

मग एका नियमातून दुसरा कुठे सुरू झाला ती जागा शोधायची राहिली. ती बरोबर मध्यावर सापडली, बोटभर. मी नाक लावून बघत बसले. वरचा नियम चालू आहे, चालू आहे, आणि एका ठिकाणी हिरवा पट्टा माघारी वळलाय. त्याने पुढे जायचं होतं, तो परत फिरला. आता एका अंगाने तीन आणि दुसऱ्या अंगाने पाच. असं अजून एक फेर चाललं असतं तर गोफ तिथेच आवळून बसला असता आणि सगळ्या गावानं बघितलं असतं, कोणामुळे.

पण त्याच्या लगेच खाली, पुढच्याच ओलांडणीत, लाल पट्टाही माघारी वळला होता. उलट अंगाने. परत चार आणि चार. फक्त आता दोन-दोन पट्टे जोडीने चालले होते, म्हणून एकाआड एक जमत नव्हतं. म्हणून तिथून पुढे दोन वरून, दोन खालून.

मी स्टुलावरच बसले.

लाल अंतूकाकांचा. नाचता नाचता, ढोल चालू असताना, एका पावलाच्या वेळात त्यांनी दुसऱ्याची चूक बघितली, स्वतः मुद्दाम उलटे वळले आणि नवीन हाक द्यायला लागले. लोकांनी बघितलं ते खरंच होतं. ते उलटे वळले. फक्त कोणाच्या मागून वळले, ते कुणी बघितलं नाही.

"काकी," मी विचारलं, "त्या वर्षी हिरवो कोणाकडे होतो?"

काकी खाली जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "मनूकडे."

प्रतिमाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अगो बाय माझ्या! आणि तोच कोयतो घेऊन! थांब, आत्ताच्या आत्ता बाजारात जाऊन—"

"बस," काकी म्हणाली.

"काकी, तीन वर्सां तुमका—"

"बस म्हटलंय ना." काकीचा आवाज चढला नाही, पण प्रतिमा बसली. "त्या दिवशी तो पिऊन इल्लो. माका ठावक होता. ह्यांकाही ठावक होता. पोराचो पयलोच गोफ, त्याचो बापूस समोर बसलेलो. ह्येंनी झाकल्यानी, आणि मी उघडू?"

बाहेर कुणाच्या तरी गाईची घंटा वाजत होती.

"काकी," मी म्हणाले, "मी कोणाचं नाव घेणार नाही. पण गोफ सोडवायचा तर जसा विणला तसाच उलटा नाचायला लागणार. लाल वळणार, हिरवा वळणार. ज्यांना डोळे आहेत त्यांना दिसणार. झाकूनच ठेवायचं असेल तर एकच उपाय आहे. मनूभाऊला कापू दे."

"आणि कापलो तर?"

"तर अंतूकाका चुकले. कायमचे."

काकीने पदर खांद्यावरून घेतला, कमरेला खोचला आणि उठली. तिला उठायला वेळ लागायचा. गुडघ्यांवर हात देऊन उठायची. "लाल माझ्याकडे दी."

"काकी, तुमचं वय—"

"माका शिकवू नको. त्यांच्याबरोबर चाळीस वर्सां संसार केलंय. उलटां चालाची सवय आसा."

"आणि हिरवा?" प्रतिमाने विचारलं.

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

*

फणसाखाली मग गटातल्या दोघी बाजूला बसल्या, काकीने लाल धरला, मी हिरवा, आणि दोन-दोनचा नियम दोन्ही वळणांसकट पायात बसेपर्यंत आम्ही नाचलो. मनूभाऊ होळीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये आला. दारातच उभा राहिला. आत एका मुलीच्या भुवया अर्ध्या झाल्या होत्या. तिला मी तशीच थांबवली.

"शाळेतली चेडवां गॅदरिंगात गोफ करतत, त्याका कोण काय म्हणत नाय," तो म्हणाला. "पण देवळात बायका कधी नाचल्या नाय, वैजू. उद्या काय इपरीत झाला तर कमिटीवर येतला."

"आत्तापर्यंत सगळं काकीवरच येत होतं. थोडं कमिटीवर येऊ दे."

"चेष्टा नको. माघार घे. मी मान काकीच्या पुतण्याक देतंय. मुंबईत आसा तो, येवंदे वर्सातून एकदा. काकीचो शब्द पण रवात."

"आणि गोफ?"

"गोफ कापूक लागात."

तो माझ्याकडे बघत नव्हता, आरशात बघत होता. आणि आरशातून मला कळलं, की त्याला माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे. त्या मंडपातून येता-जाता तो डोक्यावर लोंबकळणारा स्वतःचा पट्टा बघत होता.

"मनूभाऊ," मी म्हणाले, "उद्या हिरवा माझ्याकडे आहे."

तो काहीतरी बोलणार होता. मग अर्ध्या भुवयांच्या मुलीकडे बघितलं आणि गेला.

*

होळीच्या दिवशी ऊन उतरायच्या आत मंडप भरला. निम्मे लोक गोफ सुटतो का बघायला आले होते आणि निम्मे आम्ही पडतो का बघायला. मनूभाऊ कोयता घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

आम्ही नऊवारी नेसलो नव्हतो. रोजच्याच साड्या, पदर खोचलेले. प्रतिमाच्या हातावरची मेंदी अजून होती. काकीने लाल पट्टा हातात घेतला, कपाळाला लावला आणि ढोलवाल्या लाडोबाला म्हणाली, "वाजव रे. सावकाश वाजव, माझे पाय म्हातारे आसत."

लाडोबाने मनूभाऊकडे बघितलं. मनूभाऊने मान हलवली.

दोन आतून. दोन बाहेरून. काकी हाक देत होती, पातळ, फाटका आवाज, पण ढोलाच्या मधोमध बरोबर बसणारा. पहिल्या फेराला वर काहीच हललं नाही. माझ्या मानेवरून घाम ओघळला. दुसऱ्या फेराला तीन वर्षांची धूळ सुटून आमच्या डोक्यावर पडली आणि कोणीतरी ओरडलं, "सुटता! सुटता!"

मग हसणं थांबलं. गोफ वर वर चढत गेला, पट्टे लांब होत गेले, फेर मोठा होत गेला. मध्य जवळ येत होता. आम्ही उलट चाललो होतो, म्हणून आधी लालची पाळी होती. काकीने हाक दिली, "लाल माघारी!" आणि ती गर्रकन वळली. त्या बाईला उठायला गुडघे धरावे लागायचे, ती वळली.

"बघलास?" मागून कोणीतरी म्हणालं. "हय चुकलो अंतू. हयच."

"हिरवो माघारी!" काकी ओरडली.

मी वळले. पायाखाली जे पाऊल होतं ते माझं नव्हतं. पिऊन आलेल्या, घाबरलेल्या, बापाच्या समोर पहिल्यांदा नाचणाऱ्या पोराचं होतं, आणि मी ते मागे घेत होते. वर बोटभर गाठ होती ती हलली, फिरली आणि अलगद सुटली. तिथून वर एकाआड एक. सरळ. सोपं. अंतूकाकांचा रोजचा गोफ.

भिंतीशी बसलेल्या सखाराम परबांनी आयुष्यभर ढोल वाजवला होता. ते काठीवर हनुवटी टेकवून बघत होते. ते मोठ्याने म्हणाले, "रे, लाल उगाच नाय वळलो. हिरवो आधी वळलेलो. अंतून त्याका सांभाळल्यान." मग थोडं थांबून, तेवढ्याच मोठ्याने, "हिरवो कोणाचो रे होतो?"

माना वळल्या, एकेक करून, पहिल्या रांगेकडे. मनूभाऊ मान खाली घालून बसला होता. आमच्या आठ जणींपैकी कोणाच्याही तोंडातून नाव निघालं नाही. आम्हाला दमच नव्हता.

शेवटची ओलांडणी झाली आणि आठही पट्टे तुळईपासून सरळ मोकळे लोंबले. ढोल थांबला. प्रतिमा रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "माझो डावो पाय, माझो डावो पाय." काकी वर बघत होती. ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

मनूभाऊ उठला. कोयता त्याने बाकाखाली सरकवला. मध्यावर आला, घसा खाकरला. "झाला," तो म्हणाला. "मान राऊळांचो. मी बोललंय ता बोललंय." मग जरा सावरून, अध्यक्षासारखा: "आता सोडा पट्टे. गड्यांका देवा. रीतीप्रमाणे यंदाचो गोफ विणूक होयो."

गडी पुढे सरकले. आम्ही सगळ्याजणींनी काकीकडे बघितलं.

काकीने लाल पट्टा मुठीला एक वेढा देऊन गुंडाळला.

"काकी," मनूभाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "उसवूचा ठरला होता. विणूचा नाय. विणूची परवानगी तुमका कोणी दिल्यान?"

"उसवलो तो गोफ तुमचो होतो, म्हणान तुका इचारलंय," काकी म्हणाली. "ह्यो आमचो. ह्याका कोणाक इचारू?"

"काकी—"

"बाजूक हो मनू. पायात येतलस."

तो तिथेच उभा राहिला. मग एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. सखाराम परबांनी काठी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा, ढोलाच्या ठेक्यात, आणि लाडोबाने कोणाकडेही न बघता टिपरी उचलली.

उलगडायचं मी शिकले होते. आयुष्यभर तेवढंच शिकले होते. "काकी," मी कुजबुजले, "कुठला विणायचा? एकाआड एक की दोन-दोन?"

"माका काय ठावक?" काकी म्हणाली. "पाय उचल. काय विणलंव ता मागसून बघू."

आणि तिने हाक दिली, अशी की आमच्यापैकी कोणीच ती आधी ऐकली नव्हती, आणि आम्ही आठही जणी वळलो.